एक पान जास्तीचं

मासूमा मिसने फळ्यावर दोन शब्द लिहिले, ‘वेट’ आणि ‘एक्स्पेक्ट’, आणि खडू हातातच धरून विचारलं, “जागृतीताई, तुम्ही सांगा. मराठीत दोन्हीला आपण वाट बघणंच म्हणतो. मग फरक काय?” आता सात बायांमधून जागृतीलाच उभं करायचं कारण तिच्या मोबाइलमध्ये होतं. चौलच्या रस्त्यावर मुंबईवाल्यांचा जो बंगला ती सांभाळते तिथे शनिवारी पाहुणे यायचे होते, आणि आम्ही तुमची वाट बघतोय असा निरोप तिने त्यांना स्वतःच्या इंग्रजीत पाठवला होता. मिसला तो कौतुकाने दाखवला, तर मिस ओढणी तोंडाला लावून हसायलाच लागली. “ताई, पाहुणे शनिवारी येणार, आज बुधवार. तुम्ही ‘वेटिंग’ लिहिलंत. तीन दिवस फाटकात उभ्या राहणार का?” सगळा वर्ग हसला. वर्ग म्हणजे काय, अलिबागच्या एसटी स्टँडमागे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली, सात बाया आणि एक रिक्षावाले काका. जागृतीही हसली. मिस तिच्याहून सोळा वर्षांनी लहान, मुरुडची, बोलताना मान किंचित कलती करणारी. तिचं हसणं कुणाला लागत नसे. मग मिसने समजावलं. वेट म्हणजे नुसतं थांबणं. माणूस येईल न येईल, कधी येईल, काही ठाऊक नसलं तरी थांबता येतं. एक्स्पेक्ट म्हणजे येणार हे मनात धरलेलं असतं. “आणि मनात धरलेलं असलं ना, की हात गप्प बसत नाहीत. गादी घालून ठेवतो, तांदूळ मूठभर जास्त टाकतो. वेट पायांनी करता येतं, एक्स्पेक्टला हात लागतात. कळलं? आता एक एक वाक्य करा. घरातलं.” जागृतीने तोंड उघडलं. माय हजबंड, एवढं म्हणून झालं, आणि पुढे दोन शब्द उभे होते, त्यातला कुठला घ्यायचा ते तिला कळेना. खिडकीतून समुद्राकडचा खारट वारा येत होता, फळ्यावरची खडूची पूड हलकेच खाली उतरत होती. ती त्या पुडीकडेच बघत राहिली. मिस म्हणाली, “राहू द्या ताई, तुमच्या घरी लग्न आहे, तुमचं लक्ष नाही आज.” आणि काकांना उभं केलं.

लक्ष नव्हतं असं कसं म्हणणार? तिचं लक्ष सकाळपासून त्या एकाच गोष्टीवर होतं, फक्त तिला तो इंग्रजीचा प्रश्न आहे हे माहीत नव्हतं. परवा लेकीचं, भाविकाचं लग्न. आज दिवेलागणीला देव बोलवायचे. अशा दिवशी नवरीची आई वही काखेत मारून इंग्रजी शिकायला निघाली म्हणून जाऊ रुचिता ओट्यावरून ओरडली होती, “वहिनी, मांडवान इंग्लिशनं बोलवाचा हाय का देवांना?” बाया फिदीफिदी हसल्या होत्या. हसू देत. जागृतीला घरातून पळ काढायला निमित्त हवं होतं, आणि ते का हवं होतं ते एकट्या मनुबाईला ठाऊक होतं. मनुबाई म्हणजे धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी मंगलाष्टकं म्हणतो ती मागाहून. त्याआधी मांडव, हळद, चुडा, सगळं लागतं ते धवलारणीच्या गाण्याने, धवल्याने. जिवंत माणसांना घरोघर जाऊन अक्षता द्यायच्या, पण देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना अक्षता कोण नेऊन देणार? त्यांना धवलारीण मांडवात बसून नावानिशी हाक मारते, नाव घेतलं की त्या नावाचं पान वाढायचं, आणि मग ते लग्नाला येतात. हे सगळं जागृतीला लहानपणापासून माहीत. पण नऊ वर्षांत या घरात मंगलकार्यच झालं नव्हतं, त्यामुळे मनुबाई सकाळी चहाचा कप खाली ठेवून जे बोलली ते तिच्या कधी ध्यानीमनी आलं नव्हतं. मनुबाई म्हणाली, “बाय, मना एक सांग. तुज्या घोवाचा नाव कुनीकरं घेऊ? जित्यान का मेल्यान?”

जागृतीच्या हातात तांदळाचं सूप होतं. ते तिने तसंच धरून ठेवलं. पत्रिकेत रुचिताच्या नवऱ्याने, मितेशभावोजींनी, ‘श्री. दिपेश धर्माजी’ छापून टाकलं होतं, कुणी काही विचारलं नव्हतं. कागदाचं काय, कागद सगळं ऐकून घेतो. पण मनुबाई ऐकणारी नव्हती. “जिता मानूस मेल्यान बोलावला तं त्याचा आविष्य तुटतंय,” ती शांतपणे सांगत होती, जणू किती माणसांचा भात लावायचा ते सांगतेय. “आन मेलेला बोलवाचा ऱ्हायला, तं तो मांडवाभायेर उपाशी उबा ऱ्हातंय. लेकीच्या लग्नान बाप उपाशी. दोनी पाप माज्या गल्यान नको. जिता असल तं त्याची मर्जी, येल न येल. मेल्याचा तसा नसतंय. त्याला हाक मारली का त्यो येतोच.” जागृती म्हणाली, “आईंना विचारा की. त्यांचा मुलगा आहे.” मनुबाईने मान हलवली. “इचारला ठमाबायला. ती बोलली, नवरा जिचा, तिला इचार. दिवा लागंपरत सांग मना.” एवढं बोलून तिने चहा संपवला आणि पाय पसरून आंब्याचे टहाळे निवडायला लागली. घरात ढोलकीवाल्याला किती वाजता बोलवायचं यावर वाद चालला होता. जागृतीने सूप खाली ठेवलं, साडी बदलली, वही घेतली.

दुपारी आधी ती बंगल्यावर गेली होती, उद्यापासून रजा म्हणून शनिवारची तयारी करून ठेवायला. नारळी-पोफळीच्या वाडीतला तो बंगला रिकामा असला की तिला फार आवडतो. फरशीवर झावळ्यांच्या सावल्या हलत असतात, पंप चालू केला की टाकीत पाणी पडण्याचा आवाज सगळ्या खोल्यांतून फिरतो, आणि आपण कुणाच्या तरी झोपेत चाललोय असं वाटतं. तिने चार पलंगांवर पांढऱ्या चादरी घातल्या, कोपरे ताणून आत खोचले, उशांना चापट्या मारल्या, न्हाणीघरात पंचे ठेवले, दाराशी रबरी सपाता चार जोड मांडून ठेवल्या, त्यांची तोंडं आतल्या बाजूला, म्हणजे आलेल्या माणसाने पाय घातला की तो घरात चालायला लागला. हे ती सात वर्षं करतेय. कोण लोक येणार, त्यांची तोंडंही तिने पाहिलेली नसतात. तरी त्यांच्यासाठी किती करते! आता वर्ग सुटून जिना उतरताना तिला तेच आठवलं आणि ती मधल्या पायरीवर थांबली. एक्स्पेक्टला हात लागतात. मग दिपेशसाठी आपल्या हातांनी काय केलं? तिने घर डोळ्यांपुढे आणलं. दारामागची त्याची खुंटी. तिच्यावर भाविकाची कॉलेजची पिशवी लटकते, ती कधी लटकायला लागली ते आठवत नाही. कपाटातला त्याचा कप्पा. तिथे बंगल्याच्या जुन्या चादरी. पलंगाची त्याची बाजू. तिथे ती स्वतःच सरकलीय, खिडकी त्या बाजूला आहे, वारा लागतो. नऊ वर्षं गळ्यात डोरलं, कपाळाला कुंकू, कुणी विचारलं की “येतील ना, येणारच,” आणि घरात त्याला टेकायला वीतभर जागा नाही. जागृतीला लाज वाटली. झेरॉक्सच्या मशीनचा हिरवा उजेड खालून पायऱ्यांवर येत-जात होता, आणि ती कठड्याला धरून उभी होती.

तो गेला ते मार्गशीर्षात. ट्रेलर चालवायचा, उरणच्या बंदरातून कंटेनर उचलायचा आणि गुजरातेत सोडून यायचा. चार दिवस जायला, चार यायला. बोलायला कमी, पण घरी आला की भाविकाच्या वेण्या घालायचा, आणि त्या अशा घट्ट घालायचा की पोर दिवसभर भुवया वर करून फिरायची. जाताना ओट्यावर उभा राहून म्हणाला, “येतो.” सगळेच म्हणतात तसं. जागृती विळीवर कांदा चिरत होती, तिने मान वर केली नाही. आठव्या दिवशी मालकाचा फोन आला. ट्रेलर महामार्गावर भरूचच्या अलीकडे एका ढाब्याशी उभा होता, नीट बाजूला घेतलेला, हँडब्रेक ओढलेला, कंटेनरचं सील तसंच. जेवणाचा डबा धुऊन पालथा घालून ठेवलेला. चावी त्याने ढाबेवाल्याच्या हातात दिली होती आणि म्हणाला होता, “आता हूं.” बस, एवढंच. भांडण नाही, अपघात नाही, चिठ्ठी नाही. मितेशभावोजी दोनदा जाऊन आले, पोलिसांत वर्दी दिली, फोटो लावले, नदीकाठी विचारलं, दवाखाने पाहिले. धुतलेला डबा तेवढा घरी आला. लोक म्हणायचे, दुसरं घर केलं असेल. लोक म्हणायचे, नर्मदेत उतरला असेल अंघोळीला. जागृती दोन्ही ऐकायची, आणि दोन्हींवर तिचा विश्वास बसत नसे, कारण दोन्हींमध्ये काहीतरी झालेलं होतं आणि तिच्यापाशी तर काहीच झालेलं नव्हतं. एक दिवस होता, तो पुढे सरकलाच नाही. पाचव्या वर्षी तिला एक स्वप्न पडलं. दिपेश फाटकात उभा, हातात तोच डबा, आणि ती आतून धावत जाते आणि काय म्हणते, तर “आज नको.” तिला आज बंगल्यावर पाहुणे आहेत, भाविकाची परीक्षा आहे, आज नको. तो मान डोलावतो, त्याला राग येत नाही. त्या स्वप्नाबद्दल तिने कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? नवऱ्याची वाट बघणारी बाई म्हणून ती गावात ओळखली जाते.

रस्त्यावर आली तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. कोर्टाच्या बाजूने काळे कोट घातलेली माणसं घामाघूम होऊन चालली होती, रो-रो बोटीतून उतरलेल्या मुंबईच्या गाड्या हळूहळू पुढे सरकत होत्या. भाविकाने सकाळी बजावलं होतं, “मम्मी, गुणाजी टेलरकडे माझी पिशवी आहे, आठवणीने आण, आणि उघडू नकोस हं.” ब्लाउजं असतील, पोरींना हल्ली पाठीवर काय काय खिडक्या लागतात, म्हणून जागृतीने विचारलं नव्हतं. गुणाजीने पिशवी दिली आणि चष्म्यावरून बघत म्हणाला, “वहिनी, एकदा माणसाला घालून दाखवायला पाठवा. पोट मी अंदाजाने धरलंय.” कुठल्या माणसाला, कुणाचं पोट? गुणाजीने जुनं माप काढून दाखवलं. त्याच्या लांबट वहीत दिपेशचं नाव होतं, खांदा, छाती, बाही, नऊ-दहा वर्षांपूर्वीचे आकडे, आणि कमरेच्या आकड्यापुढे ताज्या निळ्या शाईत ‘अधिक दोन इंच’. “पोरीनं सांगितलं, काका, एवढ्या वर्षांत पोट सुटलं असेल, ड्रायव्हरांचं सुटतंच, दोन इंच वाढवा. म्हटलं, असेल काही, आला असेल दिपेशचा फोनबीन.” तो चांगला माणूस, त्याच्या डोळ्यांत खरीखुरी आशा होती. जागृती म्हणाली, “हो, बघते.” आणि पिशवी छातीशी धरून गावाकडे जाणाऱ्या मिनिडोर रिक्षात जाऊन बसली.

मिनिडोरमध्ये तिच्या दोन्ही बाजूंना माणसं होती, एकीच्या मांडीवर सुक्या बोंबलांची जुडी, आणि कुणाचं कुणाकडे लक्ष नव्हतं. तिने पिशवीत हात घातला. शर्ट पिस्ता रंगाचा होता. लग्नात मुलीच्या बापाने घालावा तसा, कडक कॉलरचा, खिशाला छोटी शिवण. तिने पोटाच्या जागी बोटं नेली, आणि त्या दोन इंचांत तिला एकदम दिपेश लागला. म्हणजे नऊ वर्षांपूर्वीचा नव्हे. तो तर फोटोत होता, झिजून गेला होता. हा आजचा, पन्नाशीला आलेला, कानाशी पांढरा झालेला, खुर्चीतून उठताना गुडघ्यावर हात ठेवणारा, जिना चढताना दम लागणारा. पोरीने त्याला वाढवला होता, वर्षावर वर्ष, कुणाला न सांगता. आपण त्याला तिथेच ढाब्याशी उभा करून ठेवला. गाडी खारेपाटात शिरली. दोन्ही बाजूंना भरतीचं पाणी बांधाला लागलं होतं, मिठागरांच्या जुन्या चौकोनांत आभाळ पडलं होतं, आणि रस्ता इतका खालून जातो की गाडी पाण्यातूनच चाललीय असं वाटत होतं. जागृतीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते तिने पुसलं नाही. बोंबीलवाली म्हणाली, “वास येतंय का गो?” जागृती म्हणाली, “नाही मावशी, येऊ द्या.” आता मनुबाईला काय सांगायचं? ज्या घरात एक पोर बापाचं पोट मोजतेय, त्या घरात आईने त्याला मेलेल्यांत बसवायचं? आणि नाही बसवला, आणि तो खरंच बाहेर उभा असला तर? भूक तो कधी सांगायचा नाही. लग्न झाल्यापासून तिने त्याला एकदाही वाढ म्हणताना ऐकलं नव्हतं. ताट पुढे आलं तर जेवायचा, नाही तर ओट्यावर बसून राहायचा.

घरी आली तर ठमाबाई, तिची सासू, मागच्या पडवीत एकटीच बसून केळीची पानं पुसत होती. ऐंशीला टेकलेली बाई, डोळ्यांनी अंधुक, पण पान कुठे फाटलंय ते बोटांना बरोब्बर कळायचं. जागृती तिच्यापुढे बसली. पानं मोजायची खोड तिला बंगल्यावर लागलेली. देवांची पाच, सासरे धर्माजी, आजेसासरे, लहानपणी गेलेली एक नणंद, अशी आठ हवीत. पुसून ठेवलेली नऊ होती. “आई, एक जास्ती आहे,” ती म्हणाली. ठमाबाई पुसत राहिली. आणि मग जागृतीला सर्वपित्री दिसली, दर भादव्यातली. ती स्वतः चुलीशी वडे तळतेय, सासू पानं मांडतेय, आणि शेवटचं एक पान कुंपणापलीकडे ठेवून येतेय. कुणाचं म्हणून विचारलं तर “वाटसरूचा,” म्हणायची. त्या पानावर वडे जास्त असायचे. खीर जास्त असायची. एकदा तर बोंबलाचं कालवण हवं म्हणून ती अडून बसली होती, पित्राच्या पानावर मासळी कुणी ठेवतं का? दिपेशला बोंबील आवडायचा. “आई,” जागृतीने शेवटच्या पानाला बोट लावलं, “किती वर्षं?” “सात,” ठमाबाई म्हणाली. “पयली दोन वर्सा नाय मांडला. मंग एक दिस मना वाटला, पोराला भूक लागली असल.” “मला का नाही सांगितलंत?” म्हातारीने पान मांडीवर ठेवलं. “तू वाट बगत व्हतीस. तुज्या गल्यान डोरला व्हता. मी आय हाय तरी मी मोकली झायली, आन तुला कशी सांगू का तूपन हो? तुजा बगूनच मी बोलाची, येल, येल.” जागृती हसायला लागली, आणि ते हसणं कधी रडण्यात गेलं ते तिचं तिलाच कळलं नाही. “आई, मी तुमच्याकडे बघून म्हणायचे हो! तुमच्यासाठी!” ठमाबाईचा खरखरीत हात तिच्या डोक्यावर आला. सात वर्षं त्या वाटसरूसाठी आपणच वडे तळले, एवढंच जागृतीच्या मनात फिरत होतं. म्हणजे हात गप्प बसले नव्हते. त्यांना कुणासाठी चाललंय ते सांगितलं नव्हतं, एवढंच.

भाविका आतल्या खोलीत हिरव्या चुड्याचे हात मांडीवर सुटे टाकून बसली होती, बांगड्या वाजू नयेत म्हणून की काय. आईच्या हातात पिशवी बघून तिने खालचा ओठ दाताखाली घेतला. “उघडलीस ना?” जागृती तिच्या शेजारी बसली. “त्यांच्या जुन्या नंबरवर पत्रिकापण पाठवलीय,” भाविका घाईघाईने म्हणाली, “एकच टिक आलीय. पण एक तरी आलीय. मम्मी, मला वेडी म्हणू नकोस. येतीलच म्हणून नाही शिवलाय. पण ते आलेच, आणि अंगावर कसलातरी शर्ट असला, तर विपुलच्या घरच्यांसमोर, माझ्या सासरच्यांसमोर त्यांना कसं वाटेल?” जागृतीने मग तिला मनुबाईचा प्रश्न सांगितला, पानांचं सांगितलं, लपवाछपवी न करता सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, “मी त्यांना आत बोलावणार आहे. आजीने मांडलंय त्या पानावर. धर्माजींच्या शेजारी.” भाविका एकदम उठली. “तुला माहितीये का ते गेलेत? खात्री आहे तुला?” “नाही.” “मग तू कशी म्हणतेस! मग तर तू त्यांना...” जागृती म्हणाली, “खात्री नाही गं पोरी. नऊ वर्षं नाही, आजही नाही. पण तुझे पप्पा मागून खाणारे नाहीत. बाहेर उभे असले तर उभेच राहतील. मला तेवढं नाही सोसवत. माझं आयुष्य तोड म्हणेन देवाला, पण त्यांना आत घेऊ दे.” भाविका भिंतीकडे तोंड करून रडली, लहानपणी वेणी घट्ट झाली की रडायची तशी, आवाज न करता. जागृतीने तिला रडू दिलं. पाठीवर हात ठेवला तो तिने झटकला नाही.

दिवेलागणीला मांडवात चटया पडल्या. मनुबाई मधोमध बसली, पुढे दिवा, आंब्याचे टहाळे, नऊ पानं. तिने जागृतीकडे बघितलं, सगळ्या बायांनी बघितलं. “त्यांना आत घ्या,” जागृती म्हणाली. तिला वाटलं होतं आवाज कापेल. कापला नाही. मग रुचिता पुढे सरकून कुजबुजली, खट्याळपणा पार उतरलेला, बिचारीला खरंच अवघड झालं होतं. “वहिनी, मंग परवा चौरंगावर कोन बसल? तुमी आन नवऱ्याच्या जाग्यावं सुपारी बसनार व्हती. आता आमी दोगा बसाचा का?” हे जागृतीने धरलंच नव्हतं. एवढ्या गोष्टींचा विचार केला आणि नेमकी हीच सुटली. तिच्याशिवाय भाविकाचा हात दुसरंच कुणी देणार! पण मनुबाईने टहाळा खाली ठेवला. “कोन बसनार म्हंजे? आय बसल.” “पण आता ह्या...” “काय आता?” मनुबाईने आपलं मोकळं कपाळ रुचितापुढे नेलं. “ह्यो बग माजा कपाल. तीस वर्सा कुकू नाय याच्यावं. आन माज्याबिगर या गावान एक लगीन लागत नाय. माजा धवला चालतंय, आन आय चालत नाय? जा, पानी आन देवांना.” रुचिता खरोखरच पाणी आणायला उठली. कुणीतरी मागे हसलं, कुणीतरी डोळे पुसले, आणि मनुबाईने सूर धरला.

देव आले. गावदेवी आली, खाडीवरचा देव आला, प्रत्येकाला ठमाबाई चाचपत वाढत होती. धर्माजी आले. आजेसासरे आले. छोटी नणंद आली, तिच्या पानावर खीर आधी. जागृती ऐकत होती आणि ऐकत नव्हती. मनुबाईचं गाणं मोठं लांबट, एकाच लाटेवर वरखाली होत राहणारं, त्यात माणूस जागच्या जागी वाहत जातो. नववं पान रिकामं होतं. आणि मग जागृतीच्या लक्षात आलं की आपण उठलोय. तिने ओट्यावरचा बाहेरचा दिवा लावला, पाहुणे यायचे असले की बंगल्यावर लावते तसा. दाराशी बायकांच्या चपलांचा हा ढीग पडला होता, तो तिने पायाने बाजूला सारला, मितेशभावोजींच्या नव्या चपला मधोमध ठेवल्या आणि त्यांची तोंडं आतल्या बाजूला केली. मग आत गेली. दारामागच्या खुंटीवरून भाविकाची पिशवी काढली. ती घेऊन वळतेय तर भाविका उभी, डोळे सुजलेले, हातात पिस्ता रंगाचा शर्ट, घडी मोडलेली. “खुंटीवर नको,” ती म्हणाली, “पानाशी ठेवते. पान त्यांचं आहे ना?” तिने तो नवव्या पानाशी ठेवला, कॉलर सरळ केली, आणि गुपचूप पुढ्यातल्या भाताच्या टोपातून एक डाव जास्तीचा पानावर घातला. जागृती पिशवी आत ठेवून चटईवर येऊन बसली, पण भाविका तिला खेटून बसली नाही; मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून बसली. मनुबाईने श्वास घेतला. “दिपेश धर्माजी,” तिने हाक मारली, मोठ्याने, शेतावरून कुणाला जेवायला बोलवावं तशी, “ये रं बाबा, लेकीचा लगीन हाय.” बाहेरच्या दिव्याखाली रस्ता दिसत होता, रिकामा, पलीकडे भरतीचं पाणी चमकत होतं. नऊ वर्षांत जागृतीने त्या रस्त्याकडे किती वेळा पाहिलं असेल! आज तिने पाहिलं नाही. तिने साडीचा घोळ आवरून घेतला आणि चटईवर जराशी सरकून बसली.